हत्ती, डॉल्फिन आणि आप्पांच्या वह्या

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेच्या पांडेसऱ्याचा वास थांबतो. वर्षभर नाकात बसलेला तो उकळत्या रंगाचा, ओल्या कोळशाचा, सडक्या अंड्याचा वास धनत्रयोदशीच्या आसपास एकदम नाहीसा होतो. मिलची धुराडी गप्प पडतात आणि खाडीचं पाणी चार दिवसांत पाण्याच्या रंगाचं दिसायला लागतं. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये माणसं पिशव्यांसारखी कोंबली जातात आणि आमच्या सोसायटीत दहातल्या आठ दारांना कुलपं लागतात. लोकांना ही शांतता आवडते. मला तिची शिसारी येते.

वास असतो तोवर मला काही आठवत नाही. तो थांबला की नऊ वर्षांपूर्वीची सुट्टी डोक्यात येऊन बसते आणि देवदिवाळीपर्यंत हलत नाही. इथली देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा. ती झाली की गावाला गेलेले कारागीर परततात आणि मिल खऱ्या अर्थाने सुरू होतात. म्हणजे साधारण वीस दिवस. एवढ्या दिवसांत माणूस काय काय करू शकतो. मी त्या वीस दिवसांत कुठला फुकटचा डेटाबेस आधी शिकावा, यावर विचार केला.

वाचणाऱ्याला वाटेल, यात एवढं चिडण्यासारखं काय आहे. सांगते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, इथल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये कलर मास्तर होते. व्यापारी बोटभर कापडाचा तुकडा आणून देतो आणि म्हणतो, हाच रंग पाहिजे. त्या तुकड्याकडे बघून कुठला रंग किती टक्के टाकायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे कलर मास्तर. जुळलेला रंग ते वहीत चिकटवत आणि शेजारी कृती लिहीत. रानी, रामा, गाजर, चिकू, तोता, फिरोजी, वाइन. आमच्या घरी कपाटावर अशा अकरा वह्या होत्या. त्या उघडल्या की आंबूस वास यायचा आणि पानांमधून रंगीत धागे पडायचे. लहानपणी मला वाटायचं की जगातले सगळे रंग आमच्या कपाटावर राहतात.

आणि कुठलाही कलर मास्तर आपली वही दुसऱ्याला वाचू देत नाही. आप्पांनी रंगांची नावं स्वतःच्या खुणांनी लिहिली होती. लाल म्हणजे 'कुंकू', पिवळा म्हणजे 'बेसन', निळा म्हणजे 'म्हैस'. निळ्याला म्हैस का, हे मी कितीदा विचारलं तरी ते नुसते हसत. जुन्या पानांवर तर रंगाचं नावही नव्हतं, नुसता तुकडा आणि पुढे कुंकू-बेसन-म्हैस. त्या तुकड्याकडे बघून हा चिकू की बदामी, हे तेच सांगू शकत. वही कुणी चोरली तरी तिचा उपयोग शून्य. या हुशारीवर त्यांची अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये पार पडली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मिलच्या मॅनेजरने आप्पांना बोलावून घेतलं. देवदिवाळीनंतर रंग जुळवायचं मशीन बसणार होतं. तुकडा आत ठेवला की ते आकडे देतं. मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, तुमच्या वह्यांमधले जुने शेड कम्प्युटरमध्ये आले तर मशीनजवळ बसायला तुम्हीच लागाल; नाहीतर लॅबमध्ये दोन माणसांची जागा नाही, तुम्हाला जेटवर जावं लागेल. जेट म्हणजे कापड रंगवायची मोठी बंद भांडी. सतत वाफ, पायाखाली गरम पाणी, बारा तास उभं राहणं. आप्पा तेव्हा चोपन्न वर्षांचे होते आणि त्यांच्या पायांच्या शिरा आधीच दोरखंडासारख्या फुगलेल्या होत्या.

आप्पांनी मॅनेजरला सांगितलं, माझी मुलगी कम्प्युटर शिकली आहे, ती करेल.

मी शिकले होते म्हणजे बीसीए पास होऊन पाच महिने घरी बसले होते. कॉलेजात डेटाबेसचा एक पेपर होता, तो मी गाईडमधून पाठ करून लिहिला होता. पण आप्पांना सांगितलं, करते, त्यात काय. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच गावाला गेलो नाही. शिरपूरजवळच्या आमच्या खेड्यात काकू रुसली, आईने एकटीने चकल्या तळल्या आणि कुणाकडे पाठवायच्या म्हणून डबा धरून बसली. थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची रिद्धी गावाला गेले. घरात आम्ही तिघंच राहिलो.

पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता आप्पांनी अंघोळ करून, गंध लावून, गॅलरीच्या दाराशी सतरंजी अंथरली. उजेडात. अकराही वह्या खाली उतरवल्या, पुसल्या, ओळीने मांडल्या. मी लॅपटॉप घेऊन समोर बसले. ते म्हणाले, चालू करू? मी म्हटलं, थांबा, आधी कशात लिहायचं ते ठरवू दे.

नमनालाच घडाभर तेल म्हणतात, तसं माझं नमन सुरू झालं.

फुकट मिळणारे डेटाबेस ढीगभर आहेत. मी त्यातले तीन काढले. एकाचं चिन्ह डॉल्फिन, तो मायएसक्यूएल. एकाचं हत्ती, तो पोस्टग्रेस. तिसऱ्याचं पक्ष्याचं पीस, तो एसक्यूलाइट. आईला नावं उच्चारता येईनात, ती म्हणाली, हत्ती घे, गणपती आहे. आज सांगते, त्या वीस दिवसांत मला मिळालेला सगळ्यात शहाणा सल्ला तोच होता, कारण त्याला अर्धं मिनिट लागलं.

बाकीचे सल्ले मी इंटरनेटवर वाचले. तिथे जे चालतं ते आठवलं की अजून तोंड कडू होतं. कुणी एक बिचारा विचारतो, मी नवीन आहे, आधी काय शिकू? आणि त्याच्या अंगावर पाचशे जण धावून जातात. हत्तीवाले डॉल्फिनवाल्यांना अडाणी म्हणतात. डॉल्फिनवाले म्हणतात, जग आमच्यावर चालतं. पीसवाल्याला दोघंही खेळणं म्हणून हसतात. मग एक जण येतो आणि सांगतो की टेबलं करण्याचे दिवसच संपले, आता काहीतरी चौथंच शिका. त्यातल्या एकानेही त्या बिचाऱ्याला विचारलेलं नसतं की बाबा, तुला त्यात भरायचं काय आहे. मीही ते स्वतःला विचारलं नाही. व्हिडिओंवर तोंड वासलेली माणसं, त्यांच्या डोक्यावर लाल बाण, आणि खाली लिहिलेलं की हे चुकीचं निवडलंत तर करिअर संपलं. मी ते एकामागून एक बघायचे. चिवडा खात बघायचे.

पुण्यात नोकरीला असलेल्या मामेभावाला फोन केला. तो दीड तास बोलला. त्याने हत्तीची बाजू घेतली आणि बोलता बोलता मला विचारलं की पुढे लाखो लोक एकाच वेळी वापरायला लागले तर डॉल्फिन तो ताण झेलेल का. मी गंभीर झाले. लाखो लोक! आप्पांच्या अकरा वह्या, एक जुना लॅपटॉप, वापरणारा माणूस एक, तोही दोन बोटांनी टाइप करणारा. आणि मी वहीत मुद्दे लिहीत होते की सुरतेतल्या सगळ्या मिलनी उद्या आपला डेटाबेस घेतला तर काय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, तिचा अर्थ मात्र त्या आठवड्यात जगून दाखवला.

आता रोज तेच काम करते म्हणून ठामपणे सांगू शकते. आप्पांच्या वह्यांना तिन्हीपैकी कुठलाही चालला असता. चौकटींच्या साध्या तक्त्यावरही भागलं असतं. तुकड्याचा नंबर, रंगाचं नाव, तीन रंगांचे टक्के, कापडाची जात, एक शेरा. संपलं. कणीक भिजवायला परात हवी होती आणि मी दुकानात बसून एकेक परात वाजवून बघत होते, घरी सगळे उपाशी.

आप्पा रोज सकाळी नऊला बसत. पहिले तीन-चार दिवस ते विचारत, चालू करू? नंतर विचारायचे थांबले. वही उघडून मांडीवर घेत, एखाद्या पानावर बोट ठेवत आणि बाहेर बघत बसत. मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणायचे, आज नाही आप्पा, आज ठरतंय. अकराच्या सुमाराला ते वह्या मिटून एकावर एक रचत आणि आईला म्हणत, चहा ठेव. मला तेव्हा त्यांचा हा धीर आवडायचा. आपले वडील मागे लागत नाहीत, समजूतदार आहेत, असं मी मैत्रिणीला फोनवर सांगितल्याचंही आठवतं. लाज वाटावी अशा किती गोष्टी माणूस अभिमानाने सांगत असतो.

लाभपाचमीला मिलमध्ये मुहूर्ताची पूजा असते. आप्पा पांढरा सदरा घालून गेले, प्रसादाचे पेढे घेऊन आले. मॅनेजरने विचारलं होतं, काम कुठपर्यंत आलं. आप्पांनी सांगितलं होतं, चालू आहे. मी पेढा खाल्ला आणि दोन डेटाबेसची तुलना करणारा सव्वा तासाचा व्हिडिओ लावला.

चौदाव्या दिवशी मी हत्ती इंटरनेटवरून उतरवायला घेतला. अर्ध्यावर मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला. डॉल्फिन आधीच कधीतरी उतरवून ठेवलेला होता. मी कपाळावर हात मारला, लॅपटॉपकडे बघितलं आणि डॉल्फिन उघडला. इतकंच. दोन आठवडे ज्याचा काथ्याकूट केला त्याचा निकाल रिचार्जने लावला. कुणी विचारलं तर आजही मी सांगते की पूर्ण अभ्यास करून निवड केली. मुलाखतीतसुद्धा तेच सांगितलं आणि समोरचा माणूस मान डोलावत राहिला.

तो बसवण्यात दोन दिवस गेले, पासवर्ड विसरण्यात एक. टेबल करायला, खरं सांगते, एक दुपार लागली. उरलेल्या दिवसांत आप्पांनी वाचून दाखवलं आणि मी टाइप केलं. घाईघाईत आम्ही नवीन वह्यांमधली, नावं लिहिलेली पानंच घेतली. सत्तेचाळीस शेड झाले. जुन्या वह्यांना हातही लागला नाही, आणि मॅनेजरला हव्या होत्या त्या जुन्याच, कारण व्यापारी दहा-दहा वर्षांनी तोच रंग पुन्हा मागतात.

देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन मिलमध्ये गेले. वास परत आला होता. मॅनेजरने सत्तेचाळीस ओळी खालीवर करून बघितल्या, छान आहे बेन, म्हणाला, आणि सांगितलं की मशीनवाल्यांनी त्यांचा तयार प्रोग्राम दिला आहे, त्यांचाच माणूस नवीन शेड भरेल. जुन्यांचं बघू. जुन्यांचं कुणीच बघितलं नाही. त्या सोमवारी आप्पा जेटवर गेले.

ते पाच वर्षं जेटवर उभे राहिले. संध्याकाळी घरी आले की पाय बादलीत घालून बसत आणि पायांची कातडी पाण्यात ठेवलेल्या पोह्यांसारखी पांढरी, सुरकुतलेली दिसायची. डाव्या घोट्यावर जखम झाली, ती अजून दर पावसाळ्यात उघडते. शेवटी डॉक्टरने उभं राहणंच बंद करायला सांगितलं. मला मात्र त्या डॉल्फिनवर पाच महिन्यांत नोकरी लागली, कपड्याच्या व्यापाऱ्यांना प्रोग्राम करून देणाऱ्या एका ऑफिसात. तिथे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात साहेब म्हणाले, आपल्याकडे पोस्टग्रेस आहे, बघून घ्या. मी चार दिवसांत बघून घेतलं. नव्वद टक्के तेच होतं. त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि आरशात बघवेना म्हणून तशीच ओल्या तोंडाने बाहेर आले.

यंदाही सुट्टी लागली, वास थांबला. यंदा कुणीच गावाला गेलं नाही, कारण रिद्धी आता बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिची परीक्षा सुट्टीनंतर लगेच आहे. परवा सकाळी ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. तोंड वासलेल्या माणसांचेच व्हिडिओ, फक्त माणसं नवी.

"आत्या, पहेलां कयो डेटाबेस शिकू?" तिने तिच्या गुजराती-मराठी खिचडीत विचारलं. "कॉलेजमां बधा अलग-अलग सांगतात. पाच दिवस झाले, मारूं तो मगजच चालत नाही."

 मी काही बोलायच्या आत गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या आप्पांनी अहिराणीत उत्तर दिलं.

"तुनी आत्यानी जो लिधा तोच ले," ते म्हणाले. "तिनी वीस दिन पारखी-पारखी लिधा. तवय तिले नोकरी लागनी."

आवाजात अभिमान होता. हे ते सगळ्यांना सांगतात, मला माहीत आहे. सोसायटीच्या बाकावर, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत. माझ्या पोरीने घाई केली नाही, घासून-पुसून घेतलं. नऊ वर्षं मी ते ऐकून घेत आले. परवा मात्र ते पोटात राहिलं नाही. मी रिद्धीला सांगितलं की जो हाताशी असेल तो आत्ता उघड, दुपारपर्यंत एक टेबल करून दाखव, नाहीतर मोबाइल काढून घेईन. ती तोंड वाकडं करून आत गेली. मग मी आप्पांजवळ खाली बसले आणि सांगून टाकलं. की मी काहीच पारखलं नव्हतं. डेटा संपला म्हणून जो होता तो उघडला. पहिल्याच दिवशी तुम्ही वही उघडली तेव्हा सुरू केलं असतं तर अकराही वह्या झाल्या असत्या, तुम्ही लॅबमध्येच राहिला असता, हे पाय असे झाले नसते.

आप्पा समोरच्या बंद धुराड्याकडे बघत होते. 

"मले माहीत शे," ते म्हणाले. "तू रोज म्हने, आज नही. मले बरं वाटे."

बरं कसं वाटायचं, मी विचारलं.

त्यांनी मांडीवरचा पंचा सारखा केला. "मले तवय नेव्ही आन् काया एकच दिखे. पिस्ता आन् बदामी बी एकच. जुन्या वह्या उघाड्या असत्या तं तुले समजी जातं. लॅबमा मनी नोकरी डोयासनीच व्हती, माय."

मोतीबिंदू. जेटवर चौथ्या वर्षी, आमच्याच भागात भरलेल्या एका शिबिरात ते जवळचा चष्मा घ्यायला म्हणून गेले तेव्हा डॉक्टरने सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत कित्येक वर्षांचा पिकलेला मोतीबिंदू आहे. ऑपरेशन फुकट झालं, एका डोळ्याला अर्धा तासही लागला नाही. पट्टी निघाल्यावर ते आईला म्हणाले होते, तुझी ही साडी नेव्ही आहे होय, मी काळीच समजत होतो. आम्ही सगळे त्यावर पोट धरून हसलो होतो. वयाचा मोतीबिंदू, सगळ्यांनाच होतो, म्हणून मी पुढे काही विचारलं नव्हतं. आता आप्पांना सगळं लख्ख दिसतं. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या ओढणीकडे बघून ते कृती सांगतात, कुंकू इतकं, म्हैस इतकी, आणि ती बरोबर असते.

म्हणजे त्या वीस दिवसांत माझ्यासमोर एक माणूस बसला होता, ज्याला दवाखान्यात नेऊन आणायला एक सकाळ पुरली असती. मधे फक्त लॅपटॉप होता. मान वर केली असती तरी दिसलं असतं की अठ्ठावीस वर्षं रंग ओळखणारा हा माणूस पानावर बोट ठेवतो आणि पानाकडे बघत नाही. मी हत्ती बघत होते, डॉल्फिन बघत होते, लाखो लोकांचा ताण कोण झेलेल ते बघत होते.

मी म्हटलं, आप्पा, पण मले तरी सांगनं व्हतं ना. मी तं घरमाच व्हती, तुमना समोर.

ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात टोमण्याचा लवलेशही नव्हता.

"कसं सांगू, माय," ते म्हणाले. "तू कामामा व्हती."